जंगल, मीठ आणि राष्ट्राचा जमाखर्च

आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडणारे, परंतु १९३० साली कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात असलेले चिरनेर हे गाव महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते त्या वर्षीच्या २५ सप्टेंबर या दिवसामुळे. जंगलाचा कायदा मोडण्याच्या निश्चयाने आसपासच्या गावांतील आगरी, कोळी, कातकरी आणि इतर जातींचे शेतकरी व मजूर त्या दिवशी अक्कादेवीच्या माळावर जमले; पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या; नाग्या महादू कातकरी याच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले; आणि त्याच धुमश्चक्रीत मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही अंत झाला. स्वातंत्र्यसंग्रामाच्या इतिहासात या घटनेचे जे स्थान आहे ते निर्विवाद आहे. परंतु तिच्याकडे आणखी एका बाजूने, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या बाजूने, पाहण्याची सवय आपण अजून लावून घेतलेली नाही, आणि प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. ज्या जंगलात लोकांनी कोयते चालवले ते जंगल सरकारच्या लेखी महसुलाची एक बाब होते; त्या बाबीतून किती उत्पन्न यावे, कोणाकडून यावे आणि ते कशावर खर्च व्हावे, हे ठरवताना चिरनेरच्या माणसाला कोणी काही विचारले नव्हते, आणि विचारावे अशी सोयही राज्यव्यवस्थेत नव्हती.

उरण-पनवेलचा हा मुलूख पाहिला, तर इंग्रज सरकारच्या तिजोरीचे तीन ठळक झरे एकाच दृष्टिक्षेपात येतात. खाडीच्या काठाने पसरलेली मिठागरे हा पहिला. त्यांवरील मीठ-कर हिंदुस्थान सरकारच्या जमेत पडे. उरणच्या भट्ट्यांतून मुंबईला जाणारी मोहाची दारू हा दुसरा. तिच्यावर आबकारी महसूल होता, आणि मोहाच्या फुलांचा साठा व विक्री यांवर ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत निर्बंध घालणारा कायदा सरकारने १८९२ साली मुद्दाम केला. तिसरा झरा डोंगरावरच्या रानाचा. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव ठरवलेल्या रानात मोळी, पाला, गवत, चराई या प्रत्येक गोष्टीला परवाना आणि फी यांची अट जडली. ज्या कातकऱ्याच्या मालकीची गुंठाभर जमीन नव्हती आणि म्हणून ज्याचे नाव शेतसाऱ्याच्या खातेवहीत कधी आले नाही, तोसुद्धा चिमूटभर मीठ घेताना, मोळी विकताना आणि मोहाचे फूल गोळा करताना राज्याचा करदाता होता. कर देण्यापुरता तो प्रजाजन होता. कर ठरवण्यापुरता तो कोणीच नव्हता.

राज्याचा वार्षिक जमाखर्च आगाऊ मांडण्याची कल्पना इंग्रजांनी या देशात प्रथम आणली असे मात्र समजू नये. पेशवाईत मामलेदार आपापल्या महालाचा अजमास करी, त्याचा बेहडा हुजूर दफ्तराकडून मंजूर होई, आणि वर्षअखेर झालेल्या वसुलाची व खर्चाची ताळेबंदाशी रुजुवात घालण्यात फडणिसांचा कारखाना गुंतलेला असे. ती शिस्त कौतुकास्पद होती, परंतु तिचा ओघ एकाच दिशेने, खालून वर, वाहणारा होता. १८६० साली कलकत्त्यास जेम्स विल्सन याने हिंदुस्थान सरकारचे पहिले आधुनिक अंदाजपत्रक मांडले आणि १८५७ च्या युद्धाने रित्या झालेल्या खजिन्यासाठी प्राप्तीवरील कर आणला, तेव्हाही हा ओघ बदलला नाही. इंग्लंडात राजाने पैसा मागावा आणि पार्लमेंटाने आधी गाऱ्हाणी ऐकवावीत व मग पैसा द्यावा, हा रिवाज शतकांच्या झगड्यातून रुजला होता. त्याच इंग्लंडाच्या हाताखालच्या हिंदुस्थानात मात्र कौन्सिलाच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा नियमित अधिकारदेखील १८९२ च्या कायद्याने मिळाला, आणि तोही बोलण्यापुरताच. मत देण्याचा अधिकार नव्हता, एखादी रक्कम एका आण्याने कमी करा असे म्हणण्याचाही नव्हता.

मत नसताना नुसत्या बोलण्याने काय साधणार, या प्रश्नाला कोकणाच्याच मातीतल्या एका पुरुषाने उत्तर दिले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकार त्या वेळी शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी त्या शिलकेचीच चौकशी आरंभिली. त्यांचा युक्तिवाद असा की, रुपयाचा भाव पडलेला असताना विलायतेत पौंडांत भरावयाच्या रकमा वाढल्या, म्हणून सरकारने करांचा बोजा वाढवला. पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिर झाला आणि ती निकड संपली, तरी कर मात्र चढलेल्या पातळीवरच राहिले. देशात दुष्काळ आणि प्लेग थैमान घालीत असताना खजिन्यात जी शिल्लक पडते ती रयतेच्या सुबत्तेची खूण मानता येणार नाही, ती गरजेपेक्षा अधिक उकळलेल्या कराची खूण आहे. सरकारचेच आकडे, सरकारचेच अहवाल हाती घेऊन त्यांनी हे सिद्ध केले, आणि मागणी केली ती मुख्यतः मीठ-कर कमी करण्याची. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. ही कपात केवळ गोखल्यांच्या भाषणांनी झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अंदाजपत्रकाच्या चर्चेत रयतेच्या ताटातील मिठाला प्रथमच एक समर्थ वकील मिळाला, आणि त्या वकिलाला उत्तर देण्याचे सरकारला टाळता आले नाही, एवढे निश्चित. आकड्यांचा अभ्यास हीच ज्यांची शक्ती अशा लोकप्रतिनिधींची परंपरा आपल्याकडे तेथून सुरू होते, आणि मला ती आपल्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोलाच्या परंपरांपैकी एक वाटते.

१९०९ च्या सुधारणांनी अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याचा आणि १९१९ च्या सुधारणांनी खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार आला. मात्र तो येताना त्याचे दात काढूनच आला. लष्कर, कर्जावरील व्याज, बड्या अधिकाऱ्यांचे पगार अशा खर्चाचा मोठा भाग मताच्या कक्षेबाहेर ठेवला गेला, आणि मताने नाकारलेले पुन्हा प्रस्थापित करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलच्या हाती राहिला. या अधिकाराचे खरे स्वरूप १९२३ साली उघड झाले. तूट भरून काढण्यासाठी अर्थसचिव सर बेसिल ब्लॅकेट यांनी मीठ-कर मणामागे सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच रुपये, म्हणजे बरोबर दुप्पट, करण्याचे सुचवले. लोकनियुक्त सभासदांचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने तो प्रस्ताव फेटाळला. आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकाराचा शिक्का मारून तो अमलात आणला. पुढील वर्षी मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखालील स्वराज्य पक्षाने तर समग्र वित्त विधेयकच नाकारले, तेही शिक्क्याने वाचवण्यात आले. मीठ-कर सव्वा रुपयावर परत आला खरा, पण विधिमंडळाचे मत बंधनकारक नाही हे सर्व देशाला समजून चुकले. १९३० च्या वसंतात मिठाचा कायदा मोडण्यासाठी गांधीजी दांडीला गेले आणि महाराष्ट्रात शिरोडे, वडाळे येथे माणसे लाठ्यांना सामोरी गेली, तेव्हा सात वर्षांपूर्वी सनदशीर सभागृहात ऐकला न गेलेला नकार रस्त्यावर आला होता, असे म्हणणे इतिहासाला धरूनच होईल.

जंगलाची हकीकत याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९१९ च्या कायद्यान्वये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. काही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव राहिली आणि काही कौन्सिलाला जबाबदार असलेल्या हिंदी मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. बहुतेक प्रांतांत जंगलखाते राखीव होते. मुंबई इलाख्यात मात्र ते सोपीव खात्यांत होते. म्हणजे चिरनेरला गोळीबार झाला त्या काळात या प्रांताच्या जंगलावर, निदान कागदोपत्री, लोकांना जबाबदार असा कारभार होता. मग लोकांना कोयता का घ्यावा लागला? कारण 'लोक' या शब्दात चिरनेरचे लोक येतच नव्हते. ठरावीक शेतसारा किंवा प्राप्तीवरील कर भरणाऱ्यांनाच मताधिकार होता. भूमिहीन कातकऱ्याला, कुळाने शेती कसणाऱ्या आगऱ्याला मत नव्हते. ज्याच्या मतावाचून मंत्र्याचे काही अडत नाही, त्याच्या मोळीवरची फी मंत्र्याला दिसत नाही. आपल्या वर्णाचा मंत्री असणे आणि आपल्याला जबाबदार असलेला मंत्री असणे या दोन गोष्टींतील अंतर अक्कादेवीच्या माळावर जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल.

हे अंतर तेव्हाच ओळखणारे एक गृहस्थ मुंबईच्या कौन्सिलात होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर ज्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता, त्या डॉ. भीमराव आंबेडकरांचे कौन्सिलातील पहिले भाषण २४ फेब्रुवारी १९२७ रोजी झाले, ते अंदाजपत्रकावरच. प्राप्तीवरील कर ठरावीक मर्यादेच्या खालच्या उत्पन्नाला लागत नाही, शेतसारा मात्र श्रीमंत जमीनदाराला आणि एका एकराच्या दरिद्री खातेदाराला सारख्याच दराने, पिकाची पर्वा न करता लागतो, या अन्यायावर त्यांनी बोट ठेवले. पुढे चिरनेरच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलांत तेही होते. अंदाजपत्रकावर बोलणारा अर्थशास्त्रज्ञ आणि जंगल तोडल्याच्या आरोपाखाली पकडलेल्या शेतकऱ्यांचा वकील एकाच व्यक्तीत एकत्र यावे, आणि त्याच व्यक्तीने वीस वर्षांच्या आत स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवावे, यात मला एक सलग सूत्र दिसते.

त्या घटनेतील अर्थविषयक कलमे या पूर्वेतिहासाच्या प्रकाशात वाचावीत, म्हणजे त्यांतील प्रत्येक कोरड्या शब्दामागे काय आहे ते कळते. कायद्याच्या प्राधिकारावाचून कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे २६५ वे कलम सांगते. १९२३ चा व्हाइसरॉयचा शिक्का या एका वाक्याने कायमचा निकालात निघाला. सरकारला मिळणारा महसूल आणि सरकारने काढलेली कर्जे ही सर्व भारताच्या एकत्रित निधीत जमा होतात, आणि संसदेने विनियोजनाचा कायदा केल्यावाचून त्या निधीतून एक पैसाही काढता येत नाही. ११२ व्या कलमानुसार दरवर्षी जमाखर्चाचे विवरणपत्र दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागते. ११३ व्या कलमानुसार खर्चाचे अंदाज अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने लोकसभेपुढे येतात, आणि ती मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार लोकसभेला आहे. वाढवण्याचा नाही. राष्ट्रपतींच्या, म्हणजे पर्यायाने मंत्रिमंडळाच्या, शिफारशीवाचून मागणीच येऊ शकत नसल्याने खर्चाचा आरंभ सरकारनेच करावयाचा असतो. अमेरिकेची काँग्रेस अध्यक्षाचा प्रस्ताव बाजूला सारून स्वतःचा अर्थसंकल्प लिहू शकते. आपली संसद तसे करीत नाही. राज्यसभा धन विधेयकावर चौदा दिवसांच्या आत केवळ शिफारशी करू शकते. म्हणून आपल्याकडे संसद अर्थसंकल्प रचते असे म्हणणे चूक आहे; ती त्याची परीक्षा घेते, आणि तिची किंमत त्या परीक्षेच्या कसोशीवर ठरते.

ही परीक्षा कशी चालते? २०१७ पासून अर्थमंत्री १ फेब्रुवारीस अर्थसंकल्प मांडतात. पूर्वी तो महिनाअखेरीस येई आणि नवे वर्ष सुरू होण्याआधी चर्चा संपत नसल्याने दोन-तीन महिन्यांच्या खर्चासाठी लेखानुदान घ्यावे लागे. प्रथम सर्वसाधारण चर्चा होते, जिच्यात सरकारच्या आर्थिक धोरणाचा एकंदर परामर्श घेतला जातो. मग सभागृहाला सुमारे तीन आठवडे सुटी दिली जाते, आणि त्या काळात विभागवार स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या मागण्या तपासतात. या समित्या १९९३ साली स्थापन झाल्या. आज त्या चोवीस आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा सभासद असतात, आणि बंद दाराआड, पक्षाची आज्ञा जेथे कमी पोहोचते अशा वातावरणात, सचिवांना कागदपत्रांसह प्रश्न विचारले जातात. त्यानंतर मार्चमध्ये मागण्यांवर मतदान. येथे सभासदाच्या हाती कपात सूचना हे आयुध असते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी असे म्हणता येते. उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रक्कम कापावी असे म्हणता येते. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगावयाचे असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, असे सुचवून त्या निमित्ताने बोलता येते. त्या शंभर रुपयांच्या सूचनेत, पैसा देण्याआधी गाऱ्हाणे ऐका, हा जुना दंडक शाबूत आहे. एखाद्या खाडीतला बंधारा, एखाद्या वाडीचा रस्ता हा विषय राष्ट्राच्या सभागृहात अधिकाराने येण्याची ही वाट आहे.

चिरनेरच्या बाबतीत एक योग असा की, प्रौढ मताधिकाराच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, या गावाचा अंतर्भाव असलेल्या कुलाबा जिल्ह्याने लोकसभेवर पाठवलेला प्रतिनिधी हा भारताचा अर्थमंत्रीच होता. महाडजवळच्या नाते येथे १८९६ साली जन्मलेले, रोह्यास बालपण घालवलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून १९४३ ते १९४९ या काळात काम केलेले चिंतामणराव देशमुख १९५० मध्ये अर्थमंत्री झाले होते. त्यांचे पूर्वसूरी जॉन मथाई यांनी पद सोडले त्यामागे आर्थिक धोरणाचा एक मूलगामी वाद होता. मार्च १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने स्थापन झालेल्या योजना आयोगाचे अधिकार मंत्रिमंडळाच्या, आणि पर्यायाने संसदेच्या, जबाबदारीला छेद देतील, अशी मथाई यांची भीती होती. ती सर्वस्वी निराधार होती असे पुढील पाच-सहा दशकांचा अनुभव सांगत नाही. आयोग हा कोणत्याही कायद्याने निर्माण झालेला नव्हता, तरी राज्यांना किती पैसा जावा यावर त्याचा शब्द मोठा राहिला. २०१५ मध्ये त्याची जागा नीती आयोगाने घेतली.

देशमुखांच्या कारकिर्दीतच संसदेच्या अधिकाराची आणखी एक बाजू दिसली. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने अध्यादेशाने हाती घेतला. आधी वाच्यता झाली असती तर मालमत्ता इकडची तिकडे झाली असती, हे त्यामागील कारण पटण्यासारखे होते. कायदा संसदेने नंतर केला. गुप्ततेची गरज आणि आगाऊ संमतीचे तत्त्व यांत येथे उघड ओढाताण आहे, आणि १९६९ साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ती पुन्हा दिसली. परंतु संसदेने आयुर्विमा महामंडळाच्या बाबतीत पुढे जे केले ते तिच्या इतिहासातील उज्ज्वल प्रकरणांत मोडते. महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले, तेव्हा डिसेंबरात फिरोज गांधी या सत्ताधारी पक्षाच्याच सभासदाने लोकसभेत कागद पुढे ठेवून जाब विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. त्यापूर्वीच, जुलै १९५६ मध्ये, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या आणि मुंबईतील गोळीबारांची चौकशी नाकारण्याच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदाचा त्याग केला होता. अर्थमंत्र्याने आपल्या मतदारांच्या प्रदेशाशी इमान राखून पद सोडावे, हा आपल्या संसदीय इतिहासातील दुर्मिळ प्रसंग होय.

खर्च झाल्यानंतरची तपासणी लोकलेखा समिती करते. तिची मुळे १९२१ पर्यंत जातात. आज तिच्यात लोकसभेचे पंधरा व राज्यसभेचे सात सभासद असतात, मंत्र्याला तेथे मज्जाव असतो, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल हा तिचा कच्चा माल. दादासाहेब मावळंकर, ज्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, लोकसभेचे पहिले अध्यक्ष होण्यापूर्वी हंगामी संसदेचे अध्यक्ष असतानाच, १९५० मध्ये, पंचवीस सभासदांची अंदाज समिती स्थापन झाली. या समित्यांचे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येत नाही, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

यंत्रणा अशी भक्कम असता चिंता कशाची? चिंता वेळेची आहे. मागण्यांसाठी ठरवलेला अखेरचा दिवस उजाडला की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. संसदेच्या परिभाषेत याला गिलोटिन म्हणतात. शंभराच्या आसपास मागण्या असता काहींवर असे होणे अपरिहार्य आहे, हे मान्य. परंतु पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे, सतरावी सरासरी ५५ दिवस बसली; आणि जेथे दिवसच उरले नाहीत तेथे अपवाद हाच नियम होऊन बसतो. २३ मार्च २०२३ रोजी, गदारोळ चालू असताना, सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या सर्वच्या सर्व मागण्या लोकसभेने चर्चेवाचून संमत केल्या. गदारोळाचा दोष कोणत्या बाकांचा, हा वाद येथे करण्याचे कारण नाही; सभागृह चालवणे हे सरकारचे आणि ते वापरणे हे विरोधकांचे कर्तव्य असते, आणि त्या दिवशी दोन्ही कर्तव्ये पार पडली नाहीत. त्यातच त्या वर्षीच्या खर्चापैकी जवळजवळ चतुर्थांश रक्कम कर्जावरील व्याजाची होती, आणि व्याज हा एकत्रित निधीवर भारित खर्च असल्याने त्यावर चर्चा होऊ शकते पण मत पडत नाही. अप्रत्यक्ष करांचे दरही आता मोठ्या प्रमाणात वस्तू व सेवा कर परिषदेत, म्हणजे केंद्र व राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, ठरतात. मिठावर आज हा कर शून्य आहे, आणि १ एप्रिल १९४७ पासून जुना मीठ-करही रद्द झाला. परंतु उद्या मिठावर कर बसवावयाचा झाला, तर गोखल्यांना जे व्यासपीठ होते तेथे त्या दराची चर्चा प्रथम होईलच, अशी खात्री देता येत नाही. मताचा अधिकार पूर्ण आहे, बोलण्याचा वापर आटतो आहे. १९०२ साली स्थिती नेमकी उलट होती.

याचा चिरनेरशी संबंध दूरचा नाही. कातकरी समाज हा केंद्र सरकारच्या वर्गीकरणात विशेषतः असुरक्षित अशा ७५ आदिवासी समूहांपैकी एक आहे. त्यांच्या जंगलावरील हक्काला कायद्याची मान्यता मिळाली ती संसदेने २००६ मध्ये केलेल्या वनहक्क अधिनियमाने, म्हणजे अक्कादेवीच्या माळावरील गोळीबारानंतर शहात्तर वर्षांनी. आणि या समूहांसाठी घरे, पाणी, रस्ते, शाळा पुरवण्याच्या अभियानाला तीन वर्षांत पंधरा हजार कोटी रुपये देण्याची घोषणा झाली ती २०२३-२४ च्याच अर्थसंकल्पात, ज्याच्या मागण्या चर्चेवाचून संमत झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री जनमन या नावाने ही योजना मंजूर केली. तिचा आकडा २४,१०४ कोटी रुपयांचा, पैकी १५,३३६ कोटी केंद्राचे आणि ८,७६८ कोटी राज्यांचे. घोषणा स्वागतार्हच होती. परंतु कातकऱ्याची वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर असते. घर बांधावयाचे तर आधी पायाखालची जमीन त्याच्या नावे हवी, आणि ज्याच्याजवळ जातीचा दाखलाही नाही त्याला योजनेच्या यादीत कसे आणावयाचे, हा प्रश्न पैशाच्या आकड्याने सुटत नाही. हे प्रश्न रायगडच्या डोंगरवाड्यांत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहेत. ते विचारण्याची जागा आदिवासी कार्य मंत्रालयाच्या मागणीवरील चर्चा हीच होती.

ती चर्चा सभागृहात झाली नाही तरी एक दार उघडे राहते. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या मागण्या सामाजिक न्याय व सक्षमीकरण विषयक स्थायी समितीकडे जातात, तिचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे ठेवला जातो, आणि मागील वर्षी मंजूर झालेल्यांपैकी किती पैसा प्रत्यक्ष खर्च झाला, किती परत गेला, हे त्या अहवालात छापलेले असते. चिरनेर आज मावळ लोकसभा मतदारसंघात आहे. फेब्रुवारीतील सर्वसाधारण चर्चा आणि मार्चमधील मतदान यांच्या मधल्या तीन आठवड्यांत त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या मुलखात असतो. आपल्या वाडीच्या नावे किती घरे मंजूर झाली, किती उभी राहिली, आणि उरलेल्यांचा पैसा कोठे अडला, हे त्याला त्या तीन आठवड्यांत विचारता येते, आणि उत्तर न मिळाल्यास शंभर रुपयांची कपात सूचना देण्यास सांगता येते.